सेलो शिकताना घोडे पेंड खाते कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चाळिशीनंतर सेलो (व्हायोलिनच्या जातीचे, बसून गजाने वाजवायचे मोठे वाद्य) शिकायला निघालेल्या माणसाला ‘आता बोटे काय वळणार’ हे वाक्य कुणीतरी ऐकवतेच. बोटे वळतात. घोडे पेंड खाते ते दुसरीकडे, आणि बऱ्याचदा ते खरोखरच घोडीपाशी खाते, म्हणजे तारा ज्यावर टेकलेल्या असतात त्या मेपलच्या पातळ ब्रिजपाशी. खोक्यातून निघालेला सेलो कुणी हात न लावता तसाच मांडीशी घेतला, तर तारा अनेकदा इतक्या उंच असतात की त्या दाबताना तरुणाचीही करंगळी दुखेल. नवशिका मात्र दोष वयाला देतो आणि दोन महिन्यांत वाद्य कपाटामागे जाते.

हे घरी मोजता येते. पूर्ण आकाराच्या सेलोची तार खुंट्यांजवळच्या काळ्या पट्टीपासून, म्हणजे नटपासून, घोडीपर्यंत साधारण ६९ सेंमी असते. फिंगरबोर्ड, म्हणजे ज्यावर बोटांनी तारा दाबतात ती लांब पट्टी, जिथे संपतो तिथे स्टीलची पट्टी उभी धरावी. बोर्ड आणि बारीक तार (ए) यांत ५ ते ५.५ मिमी, जाड तार (सी) असेल तर ८ मिमीच्या आसपास अंतर हवे. त्याहून दोन-तीन मिमी जास्त भरले तर घोडी वरून तासून घ्यावी लागते. नटपाशी तारेखालून व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकावे. तिथे उंची जास्त राहिली तर पहिल्याच बोटाला सर्वांत जास्त जोर लागतो, आणि नवशिक्याचे सारे काम त्याच भागात चालते.

घोडी चिकटवलेली नसते, ती फक्त तारांच्या दाबावर उभी असते. तिचे दोन पाय वाद्याच्या पोटावरच्या (पुढच्या फळीवरच्या) एफ-आकाराच्या छिद्रांच्या आतल्या खाचांशी एका रेषेत हवेत आणि टेलपीसकडची (तारांची खालची टोके जिथे अडकवतात त्या तुकड्याकडची) बाजू पोटाशी काटकोनात. खुंटी पिळून तार चढवली की तार घोडीचा माथा किंचित फिंगरबोर्डकडे ओढते. रोज थोडे थोडे असे होऊन महिन्याभरात घोडी झुकते, मग वाकते आणि एके दिवशी धाडकन आडवी होते. म्हणून आठवड्यातून एकदा बाजूने पाहावे. झुकलेली दिसली तर तारा किंचित सैल कराव्यात, दोन्ही हातांच्या अंगठ्या-तर्जनीत माथा धरून तो हळूच मागे घ्यावा. तारांच्या खाचांत साधी शिसपेन्सिल घासून ठेवली तर तार सरकते आणि घोडी ओढली जात नाही.

वाद्य हलवल्यावर पोटात काहीतरी गडगडले तर तो साउंडपोस्ट, म्हणजे आत नुसत्या दाबावर उभा असलेला स्प्रूसचा दांडका. तो पडलेला असताना तारा ताणून ठेवल्या तर पोट खचू शकते, क्वचित चिरही जाते. चारही तारा लगेच सैल कराव्यात आणि तो उभा करण्याचे काम जाणकारावर सोडावे. उलट बाजूनेही हेच लक्षात ठेवावे: तारा बदलताना एका वेळी एकच काढायची. चारही एकदम उतरवल्या की दांडका पडू शकतो.

आता सोलापूरच्या हवेकडे. सेलोच्या लाकडाला ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा ४२-४३ अंशांवर असतो आणि हवा कोरडी ठक्क. लाकूड आकसते, खुंट्या सैल पडून रात्रीत तारा उतरतात, पोट खाली बसून तारा बोर्डाला लागून झणझणू लागतात. सप्टेंबरच्या पावसात उलटे होते. खुंट्या फुगून अडकतात, पोट फुगते आणि मार्चमध्ये हलक्या वाटणाऱ्या तारा पुन्हा कडक होतात. सरकणारी खुंटी फिरवताना आत दाबत फिरवावी. तरी धरली नाही तर खुंटी काढून तिच्या घासल्या जाणाऱ्या भागावर थोडा खडू लावावा. अडकलेल्या खुंटीला पक्कड लावू नये. कूलर खोलीत असला तर त्याचा झोत वाद्यावर नको, कारण दिवसा ओल आणि रात्री कोरडेपणा हा हेलकावा सततच्या कोरडेपणापेक्षा वाईट. छोटा आर्द्रतामापक पेटीतच ठेवावा.

उन्हाळ्यात कडेचा सांधा उकलला तर घाबरून जाऊ नये. बोटाच्या पेराने कडेने टकटक करत गेले की उकललेल्या जागी आवाज पोकळ, फाटका येतो. हे वाद्य सरसाने जोडतात आणि सरस मुद्दामच लाकडापेक्षा कच्चा ठेवतात, म्हणजे ताण आला की सांधा सुटतो, लाकूड चिरत नाही. तिथे फेव्हिकॉल भरणे ही सर्वांत महाग पडणारी बचत. पुढचा कारागीर ते खरवडता खरवडता लाकूडही खरवडतो. उष्णतेने सरस मऊही पडतो, तेव्हा मे महिन्यात नवी पेठेत तासभर खरेदी आणि सेलो बंद गाडीत, असे करू नये.

बसण्याचे म्हणाल तर हात असलेली प्लास्टिकची खुर्ची बाद. सपाट, बिनहाताची खुर्ची घ्यावी, पुढच्या कडेला बसावे, गुडघे कमरेपेक्षा वर जाऊ नयेत. वाद्याच्या मागच्या बाजूची वरची कड छातीच्या हाडाला टेकते, सी तारेची खुंटी डाव्या कानामागे येते आणि गुडघे वाद्याला नुसते टेकलेले असतात, आवळलेले नाहीत. खालची टोकदार दांडी, एंडपिन, शहाबादी फरशीवर हमखास घसरते. खाली सोलापुरी चादरीची घडी घातली तर चादरीसकट सेलो पुढे जातो. उपाय सुताराकडचा आहे: हातभर लाकडी पट्टी, तिला एक उथळ खळगा, आणि पट्टीच्या टोकाची दोरी खुर्चीच्या पुढच्या पायाला बांधलेली. दोरीची लांबी एकदा जमली की तिथे गाठ मारून टाकावी.

गज हातात घेण्याआधी त्याचे केस ताणावे लागतात. मध्यावर दांडी आणि केस यांत शिसपेन्सिल सरकेल इतकेच, आणि वाजवून झाले की सैल करायचे. विसरले की दांडी वाकते. नव्या केसांना राळ बराच वेळ घासावी लागते, त्याशिवाय आवाजच निघत नाही. नंतर रोज चार-पाच हात पुरतात. केसांना बोट लावू नये, तेलकटपणा बसला की तेवढ्या भागाची पकड जाते. तारांवरची राळेची पूड रोज कोरड्या कापडाने पुसावी. यासाठी आपला प्रसिद्ध टॉवेल बिनकामाचा, त्याचे तंतू अडकतात. जुन्या धोतराचा तुकडा उत्तम.

पहिले तीन आठवडे डाव्या हाताला सुट्टी द्यावी, हे आमचे मत अनेकांना रुचत नाही. पण आवाज उजव्या हातातून येतो. मेट्रोनोम (ठोके देणारे यंत्र) मिनिटाला ६० वर, चार मात्रांत पूर्ण गज खाली, चार मात्रांत वर, मोकळ्या तारांवर. गज घोडी आणि फिंगरबोर्डच्या टोकाच्या मधोमध, तारेशी काटकोनात. नवशिक्याचा हात टोकाकडे जाताना शरीरामागे वळतो, गज तिरपा होऊन फिंगरबोर्डवर चढतो आणि शीळ येते. गजाच्या मुठीजवळ सुरुवात दंडाने होते, मध्यापुढे कोपर उघडत जाते. उजवीकडे आरसा ठेवला की हे दिसते. करकर आली तर वजन जास्त आणि वेग कमी आहे, फुसफुस आली तर नेमके उलटे. सी तारेला गज संथ लागतो. अंगठा वाकलेला हवा. तो ताठ झाला की दहा मिनिटांत मनगट आणि पाठोपाठ खांदा भरून येतो. मोठ्या माणसांचे जे दुखते ते बहुधा इथून. दिवसाला सलग तासापेक्षा वीस-वीस मिनिटांच्या दोन बैठका बऱ्या.

डाव्या हाताच्या बाबतीत पेटी आणि तंबोरा कानात असलेला माणूस मुळात पुढे असतो. पेटीच्या पट्ट्यांत सांगायचे तर सेलोच्या तारा जाडीकडून बारीककडे पांढरी एक (सी), पांढरी पाच (जी), पांढरी दोन (डी), पांढरी सहा (ए). प्रत्येक तार आधीच्या तारेचा पंचम. पांढरी दोनला सा धरला तर मोकळी तार सा, पहिले बोट शुद्ध रे, दुसरे कोमल ग, तिसरे शुद्ध ग, चौथे म; पुढची मोकळी तार प, आणि तिथे याच क्रमाने ध, कोमल नी, शुद्ध नी, वरचा सा. ६९ सेंमी तारेवर नटपासून ही चार ठिकाणे साधारण ७.५, ११, १४.२ आणि १७.३ सेंमीवर येतात. पट्ट्या लावायच्या तर दोन मिमी रुंदीच्या, आणि मोजून झाल्यावर ट्यूनरने तपासून.

दोन्ही तारांवर पहिले, तिसरे, चौथे बोट वापरले की बिलावल. दोन्हीकडे तिसऱ्याऐवजी दुसरे टेकले की काफी. फक्त वरच्या (ए) तारेवर दुसरे, की खमाज. भूप तर हात न हलवता येतो. पण बहुतेक वर्गांत जो पहिला राग शिकवतात तो यमन इथे अडवतो. त्याचा तीव्र मध्यम चार बोटांच्या सरळ बैठकीबाहेर आहे, त्यासाठी पहिले बोट जागेवर ठेवून अंगठ्यासह बाकीचा हात अर्धा स्वर पुढे न्यावा लागतो. भैरवाचा कोमल ऋषभ पहिले बोट मागे ताणून. दोन्ही सहा महिन्यांनंतर. मींडही तोवर आवरावी. हाताची चौकट बसण्याआधी घसरगुंडी सुरू झाली तर स्वर लागला की सापडला, हे कानालाच कळेनासे होते.

सूर तपासायला तंबोऱ्याचे ॲप पांढरी दोनवर लावावे. ट्यूनरची सुई पाहत वाजवणाऱ्याचा कान झोपतो. वाद्य स्वतःही सांगते. डी तारेवर चौथ्या बोटाने मध्यम अचूक लागला की शेजारची मोकळी ‘जी’ तार तरफेसारखी (सतारीच्या न छेडता वाजणाऱ्या तारेसारखी) आपोआप थरथरते. ती डोळ्यांनी दिसते. केसभर चुकला की ती गप्प. अंगठा मानेला आवळलेला असेल तर तो क्षणभर काढून तोच स्वर वाजवावा. हाताच्या वजनाने तार दाबली जायला हवी, चिमट्याने नव्हे.

मधेच एखाद्या स्वरावर, बहुधा ई ते एफ शार्पच्या दरम्यान, वाद्य गुरगुरते. तो ‘वुल्फ’. त्यात वाजवणाऱ्याची चूक नाही, वाद्याच्या पोटाचा स्वतःचा कंप त्या स्वराशी भांडतो. घोडी आणि टेलपीस यांच्यामधल्या तारेवर पितळी नळी बसवून तो बराच दबतो.

खरेदीबद्दल थोडक्यात: उंची ५ फुटांच्या आसपास किंवा पंजा लहान असेल तर पूर्ण आकाराहून किंचित लहान असा ७/८ आकार पाहावा. फिंगरबोर्ड आबनुसाचा की काळा रंग दिलेला, ते पाहून घ्यावे. स्वस्त लाकडी गजापेक्षा कार्बन फायबरचा बरा. ऑनलाइन शिकणाऱ्यांनी ॲपमधला आवाज गाळणारा पर्याय बंद करावा, नाहीतर लांबवलेला स्वर ते ॲप पंख्याची घरघर समजून कापते. सी तारेचा मूळ कंप सुमारे ६५ हर्ट्झ, तो फोनच्या स्पीकरवर येतच नाही. शिक्षकाने हेडफोन लावावा.

सेलोवर राग शोभत नाही म्हणणाऱ्यांसाठी: रुद्रवीणावादक झिया मोहिउद्दीन डागर यांच्याकडे शिकलेल्या नॅन्सी लेश यांनी सेलोवर ध्रुपद वाजवले, आणि सास्किया राव-द हास यांनी जमिनीवर बसून वाजवता येईल असा लहान सेलो घडवून घेतला, त्याला पाचवी तार आणि तरफा जोडल्या. नेहमीचा सेलो घेऊन मात्र मांडी घालू नये.

मिरज जवळ आहे म्हणून घोडी तिथे नेण्याचा मोह होतो. तिथली सतार-तंबोऱ्याची कारागिरी नावाजलेलीच आहे, पण जवारी काढणे (सतार-तंबोऱ्याच्या घोडीचा माथा घासून नाद जुळवणे) आणि सेलोची घोडी तासून दांडका उभा करणे ही वेगळी कामे आहेत. त्यासाठी व्हायोलिन-सेलोचाच कारागीर हवा आणि पुण्या-मुंबईपर्यंत एवढे धूड नेणे प्रत्येकाला जमत नाही. म्हणून शहरातल्या संगीतवर्गांना आणि संगीत शिक्षकांना विनंती की, त्यांनी मिळून असा कारागीर वर्षातून दोनदा सोलापुरात बोलवावा: एकदा एप्रिलअखेर, लाकूड सर्वांत आकसलेले असते तेव्हा, सांधे तपासायला, दुसऱ्यांदा सप्टेंबरअखेर, ते सर्वांत फुगलेले असते तेव्हा, तारांची उंची ठरवायला. शहरात सेलो मोजके असतील, पण व्हायोलिनलाही अशीच घोडी आणि आत असाच दांडका असतो. दिवसभराचे काम सहज निघेल. येणाऱ्यांनी आपल्या वाद्याच्या तारांची उंची आधीच मोजून कागदावर आणावी, म्हणजे सकाळचा वेळ मोजमापात जाणार नाही.

आपले,
सेलो व व्हायोलिन शिकवणारे काही जण,
सोलापूर