परसातल्या कोंबड्या घेताना आधी लसीची चौकशी करा

मा. संपादक,
महोदय,

पाऊस ओसरला की सातारा-सांगलीच्या गावांतून सायकलवर आणि टेम्पोतून कोंबडीची पिल्लं विकणारे फिरू लागतात. घरच्या अंड्यांसाठी पाच-दहा कोंबड्या पाळू पाहणारी अनेक कुटुंबं पहिली खरेदी त्यांच्याकडूनच करतात आणि महिनाभरात खुराडं रिकामं होतं. नव्याने पाळणाऱ्यांसाठी काही गोष्टी लिहितो.

हिरवी-गुलाबी रंगवलेली स्वस्त पिल्लं बहुतेक वेळा अंड्यांच्या जातीच्या हॅचरीतून बाजूला काढलेले नर असतात. ती अंडी देणार नाहीत आणि मांसालाही भरणार नाहीत. दुसरी फसवणूक तांबड्या कोंबडीची. पिंजऱ्यात दीड वर्ष अंडी देऊन थकलेली कोंबडी ‘गावरान’ म्हणून दारात येते. तिची चोच बघा. पुढून कापून बोथट केलेली असेल, तर ती लेयर फार्मवरून, म्हणजे अंड्यांच्या व्यावसायिक फार्मवरून आली आहे.

जात निवडताना आधी आपलं काम ठरवा. अंडी हवी असतील तर ग्रामप्रिया बरी; परसात नीट सांभाळली तर वर्षाला 150च्या वर अंडी देते. अंडी आणि मांस दोन्ही हवं असेल तर वनराज किंवा गिरीराज. पण हे पक्षी अंगाने जड. कुत्रा किंवा मुंगूस आलं तर त्यांना पटकन उडून वर बसता येत नाही, म्हणून कुंपण आणि रात्रीचं पक्कं खुराडं हवंच. गावठी कोंबडी 60 ते 80 अंडीच देते, पण ती खुडूक बसते, म्हणजे अंडी स्वतः उबवते, आणि पिल्लंही सांभाळते. सुधारित जाती सहसा खुडूक बसत नाहीत. शिवाय त्या संकरातून तयार झालेल्या असल्यामुळे घरच्या अंड्यांतून काढलेली पुढची पिढी आईसारखी निघत नाही. घरचीच पिल्लं वाढवायची असतील, तर गावठीच घ्या.

कडकनाथबद्दल वेगळं लिहायला हवं. पक्षी आणि अंडी चढ्या भावाने परत घेण्याच्या हमीवर आपल्याकडच्या शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. इस्लामपूर भागातून 2019 मध्ये उघडकीस आलेलं ते प्रकरण सर्वांना ठाऊक आहे. दोष पक्ष्याचा नव्हता. मध्य प्रदेशातल्या झाबुआची ही जात काटक आहे, तिच्या काळ्या मांसाला 2018 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण ती अंगाने लहान, वाढीला सावकाश आणि अंडी वर्षाला 100च्या आसपास. गिऱ्हाईक आधी पक्कं नसेल, तर पहिल्या खेपेला तिच्या वाटेला जाऊ नये.

एक दिवसाचं पिल्लू स्वस्त पडतं, पण त्याला ऊब द्यावी लागते. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पातळीवर 35 अंश सेल्सिअस, मग दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी. 50 पिल्लांना 100 वॅटचा साधा बल्ब लागतो. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. पिल्लं बल्बखाली गोळा झाली तर थंडी वाजते आहे, कडेला पांगून चोच उघडी टाकली तर उष्णता जास्त आहे. खाली दोन इंच भाताचा तूस टाका. नुसत्या गुळगुळीत कागदावर ठेवलं तर पाय फाकतात आणि पिल्लू पुन्हा उभं राहत नाही. रात्री वीज जाणाऱ्या गावात हे सगळं जिकिरीचं होतं. म्हणून पहिल्यांदा पाळणाऱ्यांनी 8 ते 10 आठवड्यांच्या तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) घ्याव्यात असं माझं स्पष्ट मत आहे. दर जास्त पडतो, पण मरतुकीचा काळ मागे पडलेला असतो.

पक्षी हातात घेऊन पाहा. नाकपुडीत फेस नको, डोळे कोरडे आणि टपोरे हवेत, गुदद्वाराभोवतीची पिसं स्वच्छ हवीत. पंखाखाली उवा आणि पायाचे खवले उचललेले आहेत का, तेही बघा. पक्षी कानाशी धरला तर घरघर ऐकू येऊ नये. दिवसाच्या पिल्लाची बेंबी बंद आणि कोरडी असावी. उताणं ठेवलं की त्याने लगेच उलटून उभं राहावं. आठवडे बाजारातून पक्षी शक्यतो घेऊच नका. तिथे दहा गावचे पक्षी एका डालग्यात येतात आणि मानमोडीची (राणीखेत रोगाची) साथ तिथूनच गावात शिरते. कोल्हापूरला शासनाचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे, तिथे आधी चौकशी करावी. कुठूनही आणलेले पक्षी तीन आठवडे जुन्या पक्ष्यांपासून लांब ठेवा आणि त्यांचं दाणापाणी शेवटी करा.

विकणाऱ्याला विचारायचा मुख्य प्रश्न लसीचा. मरेक या पाय लुळे पाडणाऱ्या रोगाची लस पहिल्याच दिवशी हॅचरीत टोचलेली असावी. मानमोडीसाठी पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात, दोन आठवड्यांच्या सुमारास गंबोरो रोगाची लस, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, सहाव्या आठवड्यात देवीची लस आणि आठव्या आठवड्यानंतर मानमोडीच्याच आर-टू-बी लसीचं इंजेक्शन. आर-टू-बी लहान पिल्लांना देऊ नये, त्यांना ती लसच बाधते. तलंगा घेताना यातलं काय झालं, तारखेसह लिहून घ्या. विकणाऱ्याला सांगता येत नसेल, तर दुसरीकडे जा.

खरी अडचण इथून पुढे आहे. या लशींची कुपी शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची येते आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. सात कोंबड्यांच्या घराने ती कशी घ्यायची? म्हणून बहुतेक घरं लस टाळतात आणि एका घरची साथ सगळ्या आळीला रिकामी करते. सातारा आणि सांगली जिल्हा परिषदांच्या पशुसंवर्धन विभागांना विनंती आहे की, प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्याने महिन्यातला एक दिवस कोंबड्यांच्या लसीकरणासाठी ठरवावा आणि तो ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. उन्हं चढण्याआधी, सकाळी सहा ते आठ ही वेळ ठेवली तर बर्फावरची लस टिकेल आणि पक्ष्यांनाही त्रास होणार नाही.

– एक पशुपालक वाचक, कराड (जि. सातारा)