यंदा भाऊबीज ते एकादशी

पुणे,
कोजागिरीचा दुसरा दिवस

ती. बाबा आणि आई यांना,
शि. सा. न. वि. वि.

फोन रोजच होतो. पण फोनवर आई "बरं बरं" म्हणते आणि मग स्वतःच्या मनाचंच करते, म्हणून यावेळी लेखी कळवते आहे.

काल गुलाबाईची बोळवण झाली. भाद्रपदी पौर्णिमेपासून लेकीने सोसायटीतल्या पोरी गोळा केल्या होत्या. इथल्या पोरींना भोंडल्याचा हत्ती ठाऊक, गुलाबाई म्हणजे माहेरी आलेली पार्वती, हे सांगावं लागलं. खाऊ मात्र डबा वाजवूनच ओळखायचा, हे त्या लगेच शिकल्या.

आता मुद्द्याचं. दरवर्षी मी भाऊबीजेला येते, ओवाळते, डबे भरून घेते आणि पळते. आई त्या दोन दिवसांत चुलीपुढून उठत नाही. यंदा पाडव्याच्या रात्री महाराष्ट्र एक्स्प्रेसने निघतो, सकाळी भुसावळ. आणि परत निघणार ते कार्तिकी एकादशी करूनच. मुलांना सुट्टी आहे, यांनी रजा टाकली आहे, तिकिटं 60 दिवस आधी आरक्षण उघडलं तेव्हाच काढून ठेवली आहेत. म्हणजे आता बदल नाही.

आई, फराळाचा घाट घालू नकोस. चिवडा-लाडू मी इथून आणते. तुला मळ्यात बसलेली बघायची आहे.

भरीत मळ्यातच करू. दिवाळीनंतर सकाळी गारवा पडू लागला की वांग्याला खरी चव येते. बाबा, ती हिरवी, मोठाली वांगी आत्ताच सांगून ठेवा. जळगावच्या भरीत वांग्याला 2016 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाल्यापासून जो तो आपलंच वांगं अस्सल म्हणतो, तुम्ही देठ बघूनच घ्या. भाजणं, सोलणं, मुसळीने ठेचणं, सगळं दादा आणि हे करतील. मळ्यातलं भरीत गावात पुरुषच करतात, मग घरचेच का सुटावेत? मिरची-लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप आणि हात सैल सोडून तेल. थोडं बिनफोडणीचं कच्चं भरीत माझ्यासाठी बाजूला. दादा म्हणेल, जळगावच्या भरीत सेंटरवरून तयार आणू. त्याचं ऐकू नका. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या वहिनी आणि मी लाटू. आईने बांधावर बसून मीठ कमी आहे एवढंच सांगायचं, ते ती तसंही सांगतेच.

तोवर कापसाची वेचणी चालू असेल. धाकट्याला एकदा ओटी बांधून पाठवायचं आहे. दव वाळल्यावरच, नाहीतर ओला कापूस आणला म्हणून तुम्ही रागावाल. बोंडाची टोकं बोटांना लागली की शर्ट कुठून येतो ते कळेल त्याला. बाबा, केळीच्या कांदेबागाची लागण उरकली का? नसेल तर यांनाही कामाला लावा, ऑफिसात बसून पोट सुटलं आहे.

एकादशीला जळगावचा रामाचा रथ. 1872 पासूनचा हा रथ आमच्या पोरांनी अजून पाहिलेला नाही, याची मला लाज वाटते. बाबा, गुडघ्यांचं कारण सांगू नका. जुन्या जळगावात आत्याच्या ओट्यावर खुर्ची टाकू, रथ दारावरूनच जातो. चाकाखाली मोगरी, म्हणजे लाकडी ठोकळा, सारून एवढं धूड वळणावर कसं वळवतात, ते धाकट्याला तुम्हीच समजावा. मला अजून नीट कळलेलं नाही. आईला गर्दी नको असेल तर ती आणि आत्या आत गप्पा मारत बसतील. रथ आला की हाक मारू.

सातपुड्यातल्या मनुदेवीलाही जायचं मनात आहे, पण ते तुमची तब्येत बघून ठरवू.

दोघांनी औषधं वेळेवर घ्या. दादा-वहिनींना नमस्कार.

तुमची,
मनी

ता. क. गेल्या साली रचून ठेवलेल्या कपाशीच्या काड्या यंदाच्या पावसात भिजल्या नाहीत ना? भिजल्या असतील तर उन्हात पसरा. गॅसवरचं भरीत मी खाणार नाही.