निफाडचा पारा छापून येतो, ताप येत नाही

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

डिसेंबर लागला की नाशिक जिल्ह्यातल्या आमच्या निफाडचं नाव पेपरात झळकतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा कितीवर उतरला, हे सकाळच्या चहाआधी व्हॉट्सअॅपवर येऊन पडतं. बागायतदार पहाटे शेकोट्या पेटवून बसलेले असतात, तयार मण्यांना थंडीनं तडे जातात म्हणून. द्राक्षांसाठी एवढी खबरबात ठेवणाऱ्या तालुक्यात या आठवड्यात किती माणसं तापानं पडली, हे विचारा. कोणी सांगू शकत नाही.

माझं मेडिकलचं दुकान आहे. साथ आली हे मला खोकी फोडताना कळतं. गेल्या जानेवारीत लहान मुलांच्या पॅरासिटामॉलच्या बाटल्या, ज्या एरवी महिनाभर पुरतात, त्या सोमवारी आल्या आणि शुक्रवारी संपल्या. शनिवारी दोन घरांतून नेब्युलायझरला माणूस आला. माझ्याकडे एकच होता. होलसेलरला फोन लावला तर म्हणाला, "चांदवडचीही हीच ऑर्डर आहे, थांबा जरा." म्हणजे साथ दोन तालुक्यांत पसरलीय हे दोन दुकानदारांना आणि एका होलसेलरला कळलं होतं, तेही धंद्यामुळे.

यंत्रणा नाही असं मी म्हणत नाही. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम २००४ पासून चालू आहे. उपकेंद्राचा 'एस' फॉर्म, डॉक्टरांचा 'पी', लॅबचा 'एल'. २०२१ पासून नवं पोर्टल. आमच्या सिस्टर रात्री गच्चीवर रेंज शोधत माहिती भरताना मी पाहिल्यात. पण आकडा एकदा वर गेला की गेलाच. ज्यांनी भरला त्यांनाही तो पुन्हा दिसत नाही.

शिवाय लोक आधी उपकेंद्रात जातातच कुठे? पहिला ताप माझ्याकडच्या गोळीवर काढतात, दुसऱ्या दिवशी खासगी दवाखान्यात सुई. तिथवरचं फारसं काही कुठल्या फॉर्मवर येत नाही. दम लागून माणूस ॲडमिट झाला, की मग तो मोजला जातो.

आणि आमच्याच जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याचे मजूर? हिवाळाभर ते इथे द्राक्षांच्या बागांत आणि कांद्याच्या लावणीला असतात. पिकअपमध्ये एकमेकांच्या अंगावर रेलून येतात, रात्री बागेतल्या शेडमध्ये दाटीनं झोपतात. मागे एक बाई कडेवर फणफणलेलं पोर घेऊन आली, हातात वीस रुपये. "याच्यात बसंल ते द्या." मी डॉक्टरांकडे जा म्हटलं, तर पिकअप बाहेर हॉर्न वाजवत होती. ते पोर तसंच सुरगाण्याला गेलं असेल, तर त्याचा ताप निफाडचा की सुरगाण्याचा? जिल्ह्याचा एकच एकत्र आकडा असला की हा प्रश्नच पुसला जातो.

पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे, रुग्ण वाढले. हातापायांतली ताकद गेलेली माणसं दवाखान्यांत दिसू लागली तेव्हा सगळे हलले. पुढे संशयितांचा आकडा दोनशेच्या वर गेला. हा आजार बऱ्याचदा जुलाबानंतर एक ते तीन आठवड्यांनी डोकं वर काढतो. ते जुलाब आधी कुठेतरी मेडिकलच्या काउंटरवर येऊन गेले असणारच.

माझं मागणं एवढंच आहे, की नोव्हेंबर ते मार्च दर सोमवारी तालुकावार आकडा जाहीर करा: ताप-खोकल्याचे किती, श्वासाच्या त्रासानं ॲडमिट किती, जुलाबाचे किती. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत नमुने तपासले जातातच. कोणता विषाणू फिरतोय तेही त्याच्यासोबत द्या. 'सध्या फ्लू आहे' असं सरकारी कागदावर असेल, तर फ्लूवर उपयोग नसलेल्या अँटिबायोटिकसाठी हटून बसलेल्या गिऱ्हाइकाला मला तो कागद दाखवता येईल. आज माझ्या शब्दाला कोण विचारतो? समोरच्या दुकानात जाऊन घेतात. (समोरचाही देतो, हे खरं.)

या मोजणीत खासगी दवाखान्यांना आणि आम्हा औषधवाल्यांनाही धरा. पेशंटचं नाव-गाव नको, नुसत्या बाटल्या आणि पाकिटं मोजायची. दुकान बंद करताना पाच मिनिटांचं काम आहे. फॉर्म कसा हवा तेवढं कळवा, पहिल्या सोमवारी माझा भरून येईल.

आपला,
निफाड तालुक्यातला एक औषध दुकानदार