एका कवचावरून समुद्र ठरवू नका

महोदय,

खाणीत किंवा विहिरीच्या खोदकामात खाऱ्या पाण्यातल्या जिवाचा जीवाश्म सापडला की ‘येथे एकेकाळी समुद्र होता’ अशी बातमी होते. नागपूरला लागून असलेल्या छिंदवाडा जिल्ह्यातील झिलमिलीचे उदाहरण घ्या. तिथे बेसॉल्टच्या दोन थरांमध्ये अडकलेल्या, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या गाळात समुद्रात तरंगणारे फोरामिनिफेरा (कवच असलेले सूक्ष्म एकपेशीय जीव) सापडल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. समुद्राचा एक फाटा एवढ्या आत आला असावा, असा तर्क त्यावरून मांडला गेला. त्याच गाळात ऑस्ट्रॅकॉडही आहेत. समुद्र होता की नव्हता याची साक्ष काढताना त्यांची नुसती नावांची यादी देऊन थांबणे आम्हाला चूक वाटते.

ऑस्ट्रॅकॉड हे कोळंबी-खेकड्यांच्या गोतावळ्यातले, बहुधा अर्धा ते दोन मिलिमीटरचे जीव. दोन चुनखडी झडपांच्या कवचात ते राहतात. यांतले बहुसंख्य प्रौढ होईपर्यंत आठ वेळा कात टाकतात आणि दर वेळी झडपाही टाकतात. म्हणजे प्रौढपणीची जोडी धरून एकच जीव १८ झडपा मागे ठेवू शकतो. दर कातीनंतर लांबी साधारण १.२६ पट होते. प्रौढ झडप ०.८ मिमी असेल, तर आधीच्या अवस्था ०.६३, ०.५०, ०.४० मिमी अशा उतरत जातात. थरात प्रौढ आणि निरनिराळ्या वयांची पिल्ले एकत्र मिळाली, तर ते जीव बहुधा तिथेच जगले. सगळ्या झडपा एकाच मापाच्या निघाल्या, तर प्रवाहाने त्या निवडून आणून टाकल्याचा संशय घ्यावा. फोरामिनिफेरा कात टाकत नाहीत, त्यामुळे अशी तपासणी त्यांच्यावर करता येत नाही.

झिलमिलीत गोम्फोसायथिअर, फ्रॅम्बोसायथिअर, झोनोसायप्रिस हे गोड्या पाण्याशी जोडले जाणारे प्रकार आहेत आणि निओसायप्रिडाइस हा मचूळ पाण्यातलाही आहे. हे एकत्र जगले की एकत्र वाहून आले, हे प्रत्येक जातीच्या वयोगटांची मोजणी वेगवेगळी केल्याशिवाय सांगता येणार नाही. शिवाय खारे पाणी म्हणजे समुद्र नव्हे. लोणारचे पाणी खारे आहे, पण त्याचा समुद्राशी काही संबंध नाही. निओसायप्रिडाइसचा नातेवाईक सायप्रिडाइस आजही समुद्रापासून दूरच्या खाऱ्या तळ्यांत राहतो, आणि पक्ष्यांबरोबर तो तिथे पोहोचत असावा असे मानले जाते. म्हणून हा एक प्रकार फार तर मचूळ पाणी सिद्ध करतो. समुद्राशी जोड होती असे म्हणायला फोरामिनिफेरांची साथ लागते, तीही त्याच थरातली.

या तपासणीचा घात बहुतेक वेळा प्रयोगशाळेतच होतो. दोन-तीनशे ग्रॅम चिकणमाती ५० अंशांखाली वाळवावी, साध्या पाण्यात भिजवावी. फुटत नसेल तर सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट घालावे. घाईने तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइड ओतून नमुना रात्रभर ठेवला, की मातीतल्या पायराइटपासून (लोह-गंधकाच्या खनिजापासून) आम्ल तयार होते आणि पिल्लांच्या पातळ झडपा सर्वांत आधी विरघळतात. मग फक्त प्रौढ उरतात आणि ‘वाहून आलेले’ असा खोटा निष्कर्ष निघतो. १५० मायक्रॉनच्या चाळणीवर थांबल्यानेही तेच होते, म्हणून ६३ मायक्रॉनची चाळणी हवीच. दोन नमुन्यांच्या मध्ये चाळणी मिथिलीन ब्लूमध्ये बुडवावी, म्हणजे आधीच्या नमुन्यातली अडकलेली झडप पुढच्या नमुन्यात निळी दिसून ओळखू येते. ओल्या बारीक कुंचल्याने वेचताना तुटलेल्या आणि लहान झडपा टाकून देऊ नयेत. जमल्यास तीनशे झडपा मोजाव्यात. डाव्या-उजव्या वेगळ्या नोंदवाव्यात आणि बंद कवच म्हणजे दोन झडपा की एक नग, हे आधीच ठरवून लिहून ठेवावे. बंद कवचे पुष्कळ असतील, तर गाळ झपाट्याने साचला असण्याची शक्यता बळावते.

आपल्याकडच्या भूशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत चाळणीवर उरलेल्या गाळातून फोरामिनिफेरा तेवढे वेचून बाकी सांडून देण्याची सवय आहे. ती मोडायला हवी. उरलेला गाळ ठिकाण, थर आणि उंची लिहिलेल्या कुपीत जपावा. पुढचा विद्यार्थी त्यातूनच पिल्ले मोजू शकेल. आणि यापुढे अशी बातमी आपल्याकडे आली, तर आपल्या वार्ताहरांनी संशोधकांना एवढे जरूर विचारावे: झडपा किती मोजल्या, त्यांत पिल्ले किती होती आणि चाळणी किती मायक्रॉनची होती?

– सूक्ष्मजीवाश्मांचे अभ्यासक, नागपूर