निर्जंतुक पाण्यात शिंपलेही उरले नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पान ३ वर सांडपाणी केंद्राची चार कॉलमी बातमी वाचली. बाहेर पडणारं पाणी 'पूर्ण निर्जंतुक' असल्याचं अधिकाऱ्यांनी सांगितलं आणि आपल्या वार्ताहराने ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. अभिनंदन. ते कशाने निर्जंतुक केलं आणि केल्यावर ते औषध गेलं कुठे, हे विचारायला मात्र वेळ झाला नसावा.

मी कृष्णाकाठचा. आमच्या घाटाखालच्या डोहात काळपट, तळहाताएवढे शिंपले असत. गाळात पाय घातला की बोटांना लागत. शिंपी दगडावर घासून तिला भोक पाडायचं आणि त्याने कैऱ्या सोलायच्या. लोणच्याच्या दिवसांत आमच्या घरी हेच हत्यार. (याच शिंपल्यांत मोती पिकवायची शिबिरं हल्ली गावोगाव भरतात.) गेल्या उन्हाळ्यात वरच्या नाल्यातून पोहण्याच्या तलावासारखा वास येऊ लागला आणि त्याच आठवड्यात डोहाच्या कडेला शिंपले आ वासून पडलेले दिसले, मांस आत तसंच. त्यातले थोडे पिशवीत घालून संबंधित कार्यालयात गेलो. साहेबांनी पिशवीत डोकावून विचारलं, "मासे मेलेत का?" नाही म्हटलं. "मग तक्रार कशाची?" पिशवी तेवढी टेबलावरून ताबडतोब उचलायला लावली, वास येतो म्हणून.

मासे मेले की तरंगतात, फोटो निघतो, आपणही छापता. शिंपला तळाशी मरतो, त्याचा पंचनामा कोण करणार?

त्या साहेबांच्या माहितीसाठी लिहितो. २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेने मैलापाण्यातले फीकल कोलिफॉर्म, म्हणजे विष्ठेतले जंतू १०० मिलिलिटरमागे १००० च्या आत आणायला सांगितले. स्वस्तात आणायचे तर क्लोरिन. तो उरला तर किती चालतो? आपल्या जुन्या सर्वसाधारण मानकांत लिटरला १ मिलिग्रॅम. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने गोड्या पाण्यातल्या जिवांसाठी दीर्घकालीन मर्यादा १९८४ सालीच ११ मायक्रोग्रॅम ठेवली, म्हणजे साधारण नव्वदावा हिस्सा. आपलं मानक नाल्याच्या तोंडाशी मोजायचं आणि त्यांचं नदीत, हे मलाही कळतं. नदीत मिसळून ते पातळ होतं म्हणाल, तर एप्रिल-मेमध्ये पातळ करण्यापुरतं पाणी आमच्या नदीत असतं कुठे? शिवाय मैलापाण्यात अमोनिया असतोच. क्लोरिन त्याच्याशी मिळून क्लोरामाइन तयार होतात, ती विषारी आणि पाण्यात जास्त काळ टिकणारी. आणि नुसत्या अमोनियाचं म्हणाल, तर २०१३ मध्ये अमेरिकेने त्याची मर्यादा आणखी खाली आणली ती मुख्यतः शिंपले आणि गोगलगाईंसाठी. आपल्याकडे नाल्याच्या तोंडाशी अमोनिया-नायट्रोजन लिटरला ५० मिलिग्रॅमपर्यंत चालतो.

मोठा शिंपला कवच मिटून काही काळ तग धरतो. पिल्लांना ते झेपत नाही. शिंपल्याची अळी आधी माशाच्या कल्ल्याला किंवा पराला चिकटून वाढते, मग गाळात उतरते; मासा वासाने पळाला तरी तिचा वंश खुंटला. मग डोहात नुसते म्हातारे शिंपले उरतात, तरणी पोरं पुण्या-मुंबईला गेलेल्या गावासारखे. पाहणीला आलेला माणूस त्यांच्याकडे बघून 'जैवविविधता उत्तम' लिहून जातो.

दिवसाला कित्येक लिटर पाणी गाळणारा हा जीव. ना वीजबिल, ना निविदा. म्हणूनच बहुधा कुणाला त्याच्यात रस नाही. अतिनील दिव्यांनी जंतू मरतात आणि पाण्यात औषध उरत नाही. क्लोरिनच हवा असेल तर पाणी सोडण्याआधी सोडियम बायसल्फाइट घालून उरलेला क्लोरिन मारता येतो. आपल्या बातमीतल्या केंद्रात ते घालतात का, महिन्याला किती पोती लागतात, एवढं विचारून छापावं.

आणखी एक. बातमीशेजारच्या फोटोत नदी भर मे महिन्यात दुथडी भरून वाहते आहे. आज सकाळीच घाटावर गेलो होतो. तिथे मुलं पात्रात क्रिकेट खेळत होती. निदान फोटोखाली 'संग्रहित' असं छापत जा.

आपला,
कृष्णाकाठचा एक जुना वर्गणीदार