इथल्या शाळेतल्या वंशभेदाबद्दल, ताईला

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

वर्गात एका पोराने दुसऱ्याला रंगावरून टोचलं तर इंग्लंडमधल्या शिक्षकांनी नेमकं काय करायचं असतं, असं तू विचारलंस. कायद्याचं थोडक्यात आटपते. २०१० च्या समानता कायद्याने रंग, राष्ट्रीयत्व, वांशिक मूळ यांवरून भेदभाव करायला बंदी आहे. सरकारी शाळांनी तर प्रत्येक निर्णय घेताना भेदभाव कसा मिटेल याचा विचार करायलाच हवा.

खरा मुद्दा नोंदीचा आहे. १९९३ मध्ये लंडनच्या एल्थम भागात स्टीफन लॉरेन्स या १८ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा खून झाला. त्याच्या तपासातल्या गलथानपणावर १९९९ मध्ये मॅकफर्सन अहवाल आला. ज्याच्या वाट्याला आलं त्याला किंवा दुसऱ्या कुणालाही प्रसंग वंशद्वेषी वाटला, तर तो वंशद्वेषी म्हणूनच धरायचा, हे त्या अहवालातलं. शाळांनी असे प्रसंग नोंदवावेत, हेही त्यातच आहे. त्यामुळे ‘त्याच्या मनात तसं नव्हतं हो’ हे चौकशीत ऐकून घ्यायचं. त्यावर नोंद टाळायची नाही.

प्रसंग घडला की शिकवणं तिथेच थांबवायचं. ‘हा शब्द वंशद्वेषी आहे, इथे चालणार नाही,’ एवढंच बोलायचं. नुसतं ‘असं बोलू नये’ म्हटलं तर नेमकं काय चुकलं ते पोरांना कळत नाही. मग ज्याला बोललं गेलं त्याच्याशी आधी, बाजूला घेऊन बोलायचं. सगळ्यांदेखत ‘सॉरी म्हण, हात मिळवा’ करायला लावणं मला अजिबात पटत नाही. अपमान झाला त्याच्यावरच माफ करायची सक्ती होते. त्याच दिवशी लिहून काढायचं: शब्द जसेच्या तसे, वेळ, जागा, कोण हजर होतं, दोन्ही घरी कुणी कळवलं. ‘अपशब्द वापरले’ असं सोवळं लिहिलेलं पुढे कशालाच उपयोगी पडत नाही. आणि दोनेक आठवड्यांनी त्या मुलाला पुन्हा विचारायचं, कारण बोलणं बऱ्याचदा थांबत नाही, मैदानावर किंवा फोनवर सरकतं.

घोळ होतो तो प्रसंग नोंदवहीच्या कोणत्या रकान्यात जातो त्यात. महिनोन्महिने टोमणे खाल्लेलं पोर एक दिवस हात उचलतं. टोमणे कुठेच लिहिलेले नसतात, मारामारी मात्र लिहिली जाते आणि शिक्षा त्यालाच होते. इथे शाळेतून कायमचं काढून टाकण्याचं प्रमाण जिप्सी-रोमा आणि आयरिश ट्रॅव्हलर या पारंपरिकरीत्या भटक्या समाजांतल्या मुलांत सर्वाधिक आहे, कॅरिबियन वंशाच्या मुलांतही सरासरीहून जास्त. म्हणून दर सत्राला शिक्षांची यादी गटवार लावून बघावी लागते. ‘आमच्याकडे एकही प्रसंग नाही’ म्हणणाऱ्या शाळेत बहुधा मुलांनी सांगणंच सोडलेलं असतं.

काही वेळा नियमच वाकडा असतो. आफ्रिकी वळणाचे केस किंवा घट्ट वेण्या यांवर सरसकट बंदी घालणं बेकायदा ठरू शकतं, असं समानता आयोगाने २०२२ मध्ये शाळांना बजावलं.

आता आपल्या लोकांबद्दल. आपली पोरं टोमणे खातात तशीच देतातही, कृष्णवर्णीय मुलांना आणि एकमेकांना जातीवरूनही. कायद्यात जात स्वतंत्रपणे घालायची नाही असं सरकारने २०१८ मध्ये ठरवलं, पण ती वांशिक मुळात मोडू शकते असा अपील न्यायाधिकरणाचा २०१४ चा निकाल आहे. तेव्हा जातीवरून चिडवलं तरी शाळेने ते वंशद्वेषाच्याच रकान्यात लिहावं.

आई-बाबांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी धाकटी