ल ब्रा वाचताना आधी छेद बघ

चि. मृण्मयीस अनेक आशीर्वाद.

प्रबंधासाठी गाब्रिएल ल ब्रा निवडलास, फार बरं वाटलं. फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांतातल्या पँपोलचा हा माणूस (१८९१–१९७०) मुळात चर्चच्या कायद्याचा प्राध्यापक. पण १९३१च्या लेखात त्यानं अभ्यासकांना आवाहन केलं, की गावोगावचे साधे कॅथलिक धर्म कितपत पाळतात, ते मोजा. माझ्या मते फ्रान्समधल्या कॅथलिक धर्माचा इतिहास तिथून बदलला.

तू चरित्रात फार अडकू नकोस, मोजणीत शीर. १२१५च्या लॅटरन परिषदेनं (रोममधल्या चर्चच्या महासभेनं) कळत्या वयाच्या प्रत्येकाला वर्षातून एकदा पापनिवेदन आणि ईस्टरला कम्युनियन (चर्चमध्ये पवित्र भाकरीचा प्रसाद घेणं) बंधनकारक केलं. म्हणून बिशप भेटीला आला की विचारायचा, ईस्टर किती जणांनी पाळला? ते आकडे दप्तरात राहिले. टक्केवारीतला अंश, म्हणजे ईस्टर पाळणाऱ्यांची संख्या, असा आयता मिळतो; घोटाळा होतो तो छेदात, म्हणजे एकूण किती जणांपैकी, यात. कुणी धर्मगुरू गावातली एकूण डोकी लिहितो, कुणी फक्त कम्युनियनच्या वयाची. समज, ६०० वस्तीत ३०० जणांनी ईस्टर पाळला. सगळी वस्ती धरलीस तर ५० टक्के; कम्युनियन न घेतलेली १२० मुलं वगळलीस तर ६२.५. त्यात १९१०मध्ये पोप दहाव्या पायसनं पहिल्या कम्युनियनचं वय सातच्या आसपास आणलं, म्हणजे पुढे अंशातही लहान मुलं आली. त्याआधीचे आणि नंतरचे टक्के तसेच शेजारी मांडलेस, तर गावाची भक्ती उगाच वाढलेली किंवा घटलेली दिसेल. दोन्हीकडे प्रौढच घे, आणि पुरुष-बायका वेगळ्या मांड. पुष्कळ गावांत दोघांत एवढी तफावत असते की सरासरीला अर्थच उरत नाही. ४००, ५०० असे गोल आकडे ओळीनं आले, तर तो अंदाज समज.

बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतून पडताळा घे. जन्म आणि बाप्तिस्मा यांतलं अंतर दिवसांत काढ. ते पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेलं, तर चर्चचा धाक सैल झाल्याची ती खूण असू शकते.

ल ब्राचंही सगळं डोळे मिटून घेऊ नकोस. पॅरिसला स्थायिक होणाऱ्या शंभर खेडुतांपैकी नव्वदेक जण मोंपार्नास स्टेशनाबाहेर पडताच धर्म पाळणं सोडतात, हे त्याचं वाक्य सगळे उद्धृत करतात. ती त्याची खात्री होती, मोजणी नव्हती. फेर्नां बुलार आणि जाँ रेमी या अभ्यासकांनी १९६८मध्ये दाखवलं, की शहरातलं धर्माचरण बरंचसं आसपासच्या प्रदेशाच्या वळणावर जातं. म्हणून आधी १९३१चा लेख वाच, मग बुलारचा १९४७चा ग्रामीण फ्रान्सचा नकाशा समोर ठेव, आणि त्यानंतरच तुझा जिल्हा ठरव.

तुझे,
बाबा